बाभळीचे नाव कोणी नेले?

गेल्या पावसाळ्यात एका महाविद्यालयाच्या आवारात फिरताना दोन झाडांवरच्या दोन पाट्यांनी माझे लक्ष वेधून घेतले. एक झाड आपली गावाकडची बाभूळ. काळपट, भेगाळलेली साल, जोडीजोडीने निघालेले लांब पांढरे काटे आणि पिवळेधमक गोंडे. तिच्या पाटीवरचे 'ॲकेशिया' हे जुने नाव रंगाने पुसून त्यावर 'व्हॅचेलिया नायलोटिका' असे नवे नाव घातले होते. दहा पावलांवर दुसरे झाड होते. सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्तोरस्ती लावलेले, चंद्रकोरीसारख्या लांबट पानांचे, बिनकाट्यांचे, ज्याला आपण 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' म्हणतो ते. त्याच्या पाटीवर मात्र 'ॲकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस' हे नाव जसेच्या तसे. सोबतच्या प्राध्यापकांना मी विचारले, "जिच्यावरून हिला आपण बाभूळ म्हणतो तिचे नाव गेले आणि हिचे राहिले, हे कसे?" ते हसून म्हणाले, "मतदान झाले ना, सर!"

वनस्पतीच्या नावासाठी मतदान ही गोष्ट सर्वसामान्य वाचकाला चमत्कारिक वाटेल. शास्त्रातील प्रश्न हात वर करून सुटत नसतात, अशी आपली रास्त समजूत असते. परंतु बाभळीच्या बाबतीत ते घडले आहे, आणि ज्या झाडाचा नांगर आपल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या धरला, ज्याच्या डिंकाचे लाडू बाळंतिणीला दिले, त्या झाडाचे जागतिक नाव ज्या रीतीने बदलले ती रीत आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा, दुसरा जातीचा. ही पद्धत स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली वनस्पतींसाठी सर्वत्र लागू केली. लिनियसने बाभळीला लाजाळूच्या 'मिमोसा' प्रजातीत घातले होते. पुढच्याच वर्षी, १७५४ मध्ये, फिलिप मिलर या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने 'ॲकेशिया' ही प्रजाती वेगळी मांडली. हा शब्द त्याच्या पदरचा नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेलेल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने इजिप्तमधील एका काटेरी, औषधी वृक्षाला 'अकाकिया' म्हटले होते, आणि तो वृक्ष म्हणजे नाईलच्या काठची बाभूळ, असे मानले जाते. 'नायलोटिका' हा तिच्या नावाचा दुसरा शब्दही त्या नदीवरूनच आला. सारांश, 'ॲकेशिया' हे नाव मुळात बाभळीचेच. इतर शेकडो वृक्ष त्या नावाखाली नंतर गोळा झाले.

आणि गोळा किती व्हावेत? जगभरातून नवनवे नमुने येत गेले आणि ॲकेशियाच्या पोत्यात १३०० हून अधिक जाती भरल्या गेल्या. एवढ्या सगळ्या एका कुटुंबातील असणे शक्य नव्हते, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना बरेच आधी जाणवू लागले होते. त्यासाठी सूक्ष्मदर्शकही नको. आपण आपल्या शिवारात पाहून घेऊ शकतो. बाभळीचे आणि हिवराचे काटे सरळ असतात, जोडीने येतात, आणि ते पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांपासून बनलेले असतात. खैराचे काटे आखूड आणि मांजराच्या नखासारखे वाकडे. ते उपपर्णांचे नव्हेत, सालीवरचे. बाभळीची फुले गोल गोंड्यात येतात, खैराची लांब तुऱ्यात. ऑस्ट्रेलियन मंडळींचा थाट तर निराळाच. त्यांच्यापैकी बहुतेकांना मोठेपणी खरी पाने नसतातच. देठच चपटा होऊन पानाचे काम करतो. रोप लहान असताना मात्र त्याला बाभळीसारखी बारीक संयुक्त पाने फुटतात. ऑस्ट्रेलियन बाभळीचे बी पेरून पाहिले, तर काही आठवड्यांत हा पालट डोळ्यांदेखत घडतो.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे वनस्पतिशास्त्रज्ञ लेस पेडली यांनी १९८६ साली या पोत्याचे तीन भाग करावेत, असे मांडले. त्या वेळी ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. परंतु नव्वदीच्या दशकापासून गुणसूत्रांतील डीएनए वाचण्याचे तंत्र हाती आले, आणि मग शंकेला जागा उरली नाही. ऑस्ट्रेलियन गट हा बाभळीपेक्षा शिरीषाच्या नातलगांना जवळचा निघाला. बाभूळ आणि खैर हेही एकमेकांचे सख्खे नव्हेत, हे सिद्ध झाले. नुसत्या बाह्य साम्यावरून बांधलेले घर पडले. एकाचे पाच भाग झाले. त्यांतील दोन लहान आणि अमेरिकेतले असल्यामुळे आपण बाजूला ठेवू. उरलेले तीन महत्त्वाचे: बाभूळ-हिवराचा सुमारे १६० जातींचा गट, खैराचा सुमारे २०० जातींचा गट, आणि ऑस्ट्रेलियाचा सुमारे १००० जातींचा गट.

इथवर जे झाले ते शुद्ध शास्त्र आहे, आणि त्याबद्दल आमची काडीमात्र तक्रार नाही. उलट असे की, आपल्या निघंटूकारांनी खदिर आणि बब्बूल यांना एका नावात कधीच कोंबले नव्हते. भावप्रकाशाच्या वटादि वर्गात ते शेजारी आहेत, पण निरनिराळे. तेव्हा खैर आणि बाभूळ वेगळे काढले म्हणून कोणा मराठी माणसाला धक्का बसण्याचे कारण नाही. त्याला ते ठाऊकच होते.

प्रश्न पुढे आला तो निराळा. घर फुटले, आता जुने आडनाव कोणाकडे राहायचे?

या प्रश्नाचे उत्तर नामकरणाच्या नियमांत अगदी स्पष्ट होते. प्रजातीचे नाव हे एका विशिष्ट जातीला, दाव्याने खुंटीला जनावर बांधावे तसे बांधलेले असते. प्रजातीचे कितीही तुकडे होवोत, ती खुंटी ज्या तुकड्यात असेल त्याला मूळ नाव मिळते. ॲकेशियाची खुंटी होती बाभूळ. म्हणजे १६० जातींच्या गटाला ॲकेशिया हे नाव राहणार, आणि ऑस्ट्रेलियाच्या हजार जातींना 'रॅकोस्पर्मा' हे जुने पण अडगळीत पडलेले नाव घ्यावे लागणार, असा सरळ निकाल होता. स्वतः ऑस्ट्रेलियन असूनही पेडली यांनी तसेच सुचवले होते, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष.

पण नियमाला एक अपवाद आहे. नाव बदलल्याने फार मोठा गोंधळ होणार असेल, तर खुंटीच उपटून दुसरीकडे रोवता येते. ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी, ऑर्चर्ड आणि मॅस्लिन यांनी, २००३ मध्ये तसा रीतसर प्रस्ताव मांडला. बाभळीऐवजी 'ॲकेशिया पेनिनर्व्हिस' ही ऑस्ट्रेलियन जाती खुंटी मानावी, म्हणजे हजार नावे वाचतील आणि फक्त शे-दीडशे बदलावी लागतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. तज्ज्ञसमितीत नऊ विरुद्ध सहा असे मत पडले. २००५ च्या जुलैत व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद भरली आणि प्रस्ताव तिच्यापुढे आला.

तेथे जे घडले ते वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. उपस्थितांच्या मतांपैकी ५४.९ टक्के मते समितीची शिफारस फेटाळावी, या बाजूने पडली. म्हणजे बहुमत बाभळीकडे होते. परंतु शिफारस फेटाळण्यासाठी ६० टक्क्यांची अट असल्याने अल्पमताचा प्रस्ताव मंजूर ठरला. या प्रकारावर आफ्रिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी कडक आक्षेप घेतले; त्यांच्या गवताळ प्रदेशाची ओळखच छत्रीसारख्या ॲकेशियाने झालेली आहे. वाद सहा वर्षे चालला. २०११ मध्ये पुढची परिषद भरली, तीही योगायोगाने ऑस्ट्रेलियातच, मेलबर्नला; आणि तेथे निर्णयावर कायमचे शिक्कामोर्तब झाले. बाभळीचे नाव ऑस्ट्रेलियाला गेले.

ऑस्ट्रेलियाची बाजू पोकळ होती, असे आम्ही म्हणणार नाही. 'गोल्डन वॉटल' ही ॲकेशिया त्या देशाचे राष्ट्रीय पुष्प आहे. त्यांच्या वनखात्यांची, रोपवाटिकांची, कायद्यांची हजारो पाने त्या नावाने भरलेली आहेत. हजार नावे बदलणे हा खर्चाचा आणि कटकटीचा विषय होता, आणि गोंधळ टाळणे हे नामकरणाच्या नियमांचेच एक उद्दिष्ट आहे. आपल्या घरच्या झाडाच्या नावासाठी त्यांनी अभ्यास केला, लेख लिहिले, प्रस्ताव रचला, परिषदेत माणसे नेली आणि तो प्रस्ताव तडीस नेला. एका झाडाच्या नावासाठी एखादा देश एवढा झटतो, याचा राग येण्यापेक्षा हेवा वाटावा.

गंमत अशी की, ज्या क्वीन्सलँडमध्ये हा विचार जन्मला तेथेच आपली बाभूळ आज तण म्हणून गाजते आहे. १८९० च्या दशकात ती तेथे सावलीसाठी आणि शोभेसाठी नेली गेली. पुढे मेंढ्यांच्या कुरणांत ती इतकी माजली, की ऑस्ट्रेलियाने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत घातले आहे. तिला तेथे काटेरी ॲकेशिया म्हणतात, आणि आपल्या ॲकेशियांना मात्र 'वॉटल'! परिषदेने काहीही ठरवो, क्वीन्सलँडच्या मेंढपाळाच्या तोंडी ॲकेशिया म्हणजे अजूनही बाभूळच आहे.

आता बाभळीच्या वाट्याला आलेले नवे नाव पाहू. 'व्हॅचेलिया' हे नाव रॉबर्ट वाइट आणि वॉकर-आर्नट या दोघांनी १८३४ साली दिलेले. ज्या ग्रंथात ते प्रथम आले तो दक्षिण भारताच्या वनस्पतींवरचाच होता. म्हणजे नामकरण आपल्या भूमीवरील वनस्पतींच्या निमित्ताने झाले. आणि नाव कोणाचे? जॉर्ज हार्वी व्हॅचेल या पाद्र्याचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चीनमधील वखारीचा हा धर्मोपदेशक मकाऊमध्ये राहून वनस्पती गोळा करीत असे. व्यक्ती म्हणून त्याच्याशी आपले वैर असण्याचे कारण नाही. त्याने आपल्या परीने वनस्पतिशास्त्राची सेवाच केली. परंतु नाईलपासून गोदावरीपर्यंत उगवणारे, डायोस्कोरिडीसच्या काळापासून आपले नाव बाळगणारे झाड एकविसाव्या शतकात ते नाव गमावते आणि कंपनीच्या वखारीतील पाद्र्याच्या आडनावाने ओळखले जाऊ लागते, यातील विसंगती कोणाच्याही मनाला टोचल्यावाचून राहणार नाही.

न्यायाने सांगायचे तर खैराचे आणि शिकेकाईचे नाव व्हिएन्नात काहीही ठरले असते तरी बदललेच असते. ती दोन्ही तिसऱ्या गटात, 'सेनेगालिया'मध्ये, गेली. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशावरून आलेले हे नाव. ज्या झाडाच्या गाभ्यातून कात काढण्याच्या व्यवसायावरून कोकणातील कातकरी समाजाला नाव मिळाले, ज्याची समिधा नवग्रहांत मंगळाला वाहिली जाते, ते आता सेनेगालिया कॅटेच्यू. आणि आजीच्या न्हाणीघरातली शिकेकाई कालपर्यंत ॲकेशिया कॉन्सिन्ना होती, ती आता सेनेगालिया रुगाटा.

यावर कोणी म्हणेल, नावात काय आहे? गुलाबाचे उदाहरण तयारच असते. पण हा प्रश्न काव्याचा नाही, व्यवहाराचा आहे. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलेले एकस्व भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली लढून १९९७ मध्ये रद्द करवले, ते जुन्या ग्रंथांतील नोंदींच्या बळावर. त्याच अनुभवातून पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय भांडार उभे राहिले. अशा प्रत्येक लढाईत मुख्य मुद्दा हाच असतो, की आमच्या ग्रंथातील अमुक वनस्पती म्हणजेच तुमच्या अर्जातील तमुक वनस्पती. उद्या एखाद्या परदेशी कंपनीने व्हॅचेलिया नायलोटिकाच्या सालीवर हक्क मागितला आणि तेथील अधिकाऱ्याने त्या नावाने जुने वाङ्मय शोधले, तर काय हाती लागेल? २००८ च्या पूर्वी बाभळीला त्या नावाने कोणी ओळखतच नव्हते. व्हॅचेलिया नायलोटिका आणि सेनेगालिया कॅटेच्यू या दोन्ही जोडण्या त्याच वर्षी एका ग्रंथात प्रथम छापल्या गेल्या. त्याआधीचे सगळे संशोधन, सगळे औषधकोश, वनखात्याच्या शे-सव्वाशे वर्षांच्या नोंदी ॲकेशिया या नावाखाली आहेत. जुने नाव आणि नवे नाव यांना जोडणारा दुवा कोणीतरी जाणीवपूर्वक राखला, तरच ते ज्ञान आपले म्हणून सिद्ध करता येईल.

आपल्या परंपरेत हा दुवा कसा राखला जाई, ते पाहण्याजोगे आहे. निघंटू एका वनस्पतीला एकच नाव देऊन थांबत नाहीत. खदिराचीच नावे पाहावीत: रक्तसार, म्हणजे ज्याचा गाभा लाल आहे, दंतधावन, ज्याने दात घासतात, बालपत्र, बारीक पानांचा, बहुशल्य, पुष्कळ काट्यांचा, यज्ञिय, यज्ञाला योग्य. पाच नावांत झाडाचे रूप, उपयोग आणि स्थान येऊन जाते. नवे नाव आले म्हणून जुने हद्दपार होत नाही. दोन्ही एका ओळीत सुखाने नांदतात.

तथापि परंपरेचा अभिमान बाळगताना तिच्या मर्यादेकडे डोळेझाक करणे हा अभिमान नव्हे. शंखपुष्पी म्हणून एका प्रांतातील वैद्य जी वनस्पती देतो ती दुसऱ्या प्रांतात वेगळीच निघते. त्या एका नावावर दोन-तीन वनस्पती हक्क सांगतात. रास्नेचे तेच. नाव सुंदर, पण झाड कोणते याचा निश्चय नाही, ही अडचण वैद्यकात प्राणावर बेतू शकते. लॅटिन द्विनामाची शिस्त यासाठीच हवी. म्हणून 'फेकून द्या ही परकी नावे' असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. परक्या नावांची शिस्त घ्यावी, आणि आपल्या नावांचे अर्थवैभव गमावू नये. दोन्ही एकाच वेळी साधण्यासारखे आहे.

शिवाय हे सर्व आपल्या विरुद्धच जाते, असेही नाही. शमीचे उदाहरण घ्यावे. दसऱ्याला जिचे पूजन होते, पांडवांनी जिच्यावर शस्त्रे ठेवली, ती शमी 'प्रोसोपिस' प्रजातीतली. ही प्रजाती लिनियसने १७६७ मध्ये मांडली, ती शमीवरूनच. म्हणजे खुंटी शमीची. पुढे या नावातही अमेरिकेतल्या अनेक जाती शिरल्या. आपल्या माळरानांवर, कालव्यांच्या कडेने माजलेली वेडी बाभूळ त्यांपैकीच. कालपर्यंत तिला आपण 'प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा' म्हणत होतो. २०२२ मध्ये चार शास्त्रज्ञांनी मिळून प्रोसोपिसचीही विभागणी केली. या वेळी खुंटी कोणी हलवली नाही. प्रोसोपिस हे नाव शमी आणि तिच्या आशियातील दोन भगिनी अशा अवघ्या तीन जातींकडे राहिले, आणि वेडी बाभूळ तिच्या चाळीसहून अधिक अमेरिकन नातलगांसह 'नेल्टुमा' या नावाखाली गेली. संख्याबळ अमेरिकेचे होते, तरी नाव शमीचेच राहिले. बाभळीला जो न्याय नाकारला तो शमीला मिळाला. मग व्हिएन्नात लावलेला संख्येचा निकष हा शास्त्राचा अटळ नियम नव्हता, हेही यातून उघड होते.

करंजाची कथा तर याहून बोलकी. 'पोंगामिया' हे त्याच्या प्रजातीचे नाव मलबारातील 'पोंगम' या देशी शब्दावरून आलेले. मधल्या काळात त्याला कधी 'डेरिस', कधी 'मिलेशिया' म्हटले गेले. डीएनए तपासल्यावर करंज वेगळाच आहे असे ठरून पोंगामिया हे नाव पुन्हा सन्मानाने परत आले. परत येण्यासाठी मुळात ते नाव कोणीतरी छापून ठेवलेले होते, म्हणून ते आले. सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा इट्टी अच्युतन या वैद्याने आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी विद्वानांनी वनस्पतींची देशी नावे आणि गुण सांगितले. १६७५ चे त्या तिघांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. त्या चौघांनी नावे सांगितली नसती, तर 'पोंगम' हा शब्द युरोपात पोचलाच नसता.

लिनियसला मात्र ग्रीक-लॅटिनखेरीज इतर भाषांतील प्रजातिनामे रानटी वाटत, आणि ती त्याने १७३७ मध्येच त्याज्य ठरवली होती. याला कलकत्त्यातून विरोध करणारा माणूस इंग्रजच होता. सर विल्यम जोन्स यांचा आग्रह असा, की भारतीय वनस्पतींना त्यांची संस्कृत नावेच असावीत. अशोकाचे नाव वनस्पतिशास्त्रात टिकावे, ही त्यांची इच्छा. त्यांच्या मृत्यूनंतर रॉक्सबर्गने अशोकाला 'जोन्सिया असोका' असे नाव दिले. मित्राचे नाव पुढे आणि झाडाचे मागे! कालांतराने जोन्सिया ही प्रजातीच 'सराका'मध्ये विलीन झाली. जोन्स गेले, अशोक राहिला. आज त्याचे नाव 'सराका असोका' आहे.

मग करायचे काय? ॲकेशियाचा खटला पुन्हा उभा राहणार नाही, तो संपला. व्यवहारात एवढे लक्षात ठेवावे, की जुनी विस्तृत प्रजाती मानणाऱ्याने आजही 'ॲकेशिया नायलोटिका' लिहिले तर तो नियमभंग ठरत नाही. फक्त शास्त्रज्ञांत तसे मानणारे फारसे उरलेले नाहीत. परंतु पुढचे खटले येतच राहणार. २०२४ च्या जुलैत माद्रिदच्या परिषदेत ३५१ विरुद्ध २०५ मतांनी एक ठराव झाला. 'कॅफ्रा' आणि त्या धर्तीची नावे दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या अपमानकारक शब्दाशी जोडलेली होती. ती बदलून 'अफ्रा' अशी करण्याचे ठरले. दोनशेहून अधिक नावांवर त्याचा परिणाम होतो. त्यांत आपल्या पांगाऱ्याची एक आफ्रिकी बहीणही आहे. हा ठराव वनस्पतिशास्त्रज्ञांनी चिकाटीने मांडला, तेव्हा मंजूर झाला. व्हिएन्नात हरलेला पक्ष माद्रिदमध्ये जिंकू शकतो, मात्र त्याने परिषदेच्या दारात पाय रोवून उभे राहायला हवे.

आपल्याकडे उभे राहणारे किती आहेत? भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० पासून आहे. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात आहे. पुण्यातील आघारकर संस्थेत आणि मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवलेल्या नमुन्यांचे मोलाचे संग्रह आहेत. माणसांची उणीव आहे. वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिरणाऱ्या हुशार मुलाला जैवतंत्रज्ञानाचे आकर्षण असते. रानात हिंडून, पाने दाबून, देठाचे केस मोजून वर्गीकरण करणे त्याला मागासलेले वाटते. त्याच्या शिक्षकांपैकीही अनेकांना तसेच वाटते, ही अधिक दुःखाची गोष्ट. खरे पाहता ज्या डीएनएच्या अभ्यासाने ॲकेशियाचे घर फोडले, त्याला आधी बिनचूक ओळखलेला नमुना लागतो. हिवर कोणता आणि देवबाभूळ कोणती हे ज्याला रानात ओळखता येत नाही, त्याच्या नळीतला डीएनए काय सांगणार?

दुसरे काम गावपातळीवरचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक गावाने लोक जैवविविधता नोंदवही करावयाची आहे. ती भरताना स्थानिक नाव पहिल्या रकान्यात यावे, बोलीतल्या फरकांसह यावे, आणि त्यापुढे जुने व नवे अशी दोन्ही शास्त्रीय नावे यावीत. खानदेशात, विदर्भात, कोकणात एकाच झाडाला काय काय म्हणतात, याची पक्की नोंद आज जी म्हातारी माणसे देऊ शकतात ती आणखी वीस वर्षांनी नसतील. रामकाठी बाभूळ आणि साधी बाभूळ यांतला फरक त्यांना फांद्यांच्या ठेवणीवरून दुरूनच कळतो. शास्त्रानेही तो उपजातीचा फरक म्हणून मान्य केला आहे.

मराठी नावांचे मोल कायद्यातही दिसते. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत खैर आहे. व्हिएन्ना, मेलबर्न, माद्रिद यांनी काहीही ठरवले, तरी कोकणातल्या वनरक्षकाला पकडायचा असतो तो चोरून तोडलेला खैरच. यवतमाळच्या बाभूळगावाचे व्हॅचेलियागाव झालेले नाही, हिवरखेडही जेथल्या तेथे आहे.

त्या आवारातील प्राध्यापकांना मी एवढेच सुचवले, की पाटीवर वरच्या ओळीत ठळक अक्षरांत 'बाभूळ' लिहावे, खाली संस्कृत 'बब्बूल', मग व्हॅचेलिया नायलोटिका, आणि त्याखाली 'पूर्वीचे नाव ॲकेशिया, २००५ पर्यंत'. त्यांनी ते मान्य केले. पाटी लहान पडेल, आणि मोठी करायची तर मंजुरी घ्यावी लागेल, एवढीच त्यांची अडचण होती.